मांजरांचे दिवस आणि बिबट्याचा हंगाम

दिनदर्शिकेत आता मांजरांनाही हक्काचे दिवस मिळाले आहेत. २००२ पासून ८ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय मांजर दिन म्हणून पाळला जातो. जपानमध्ये २२ फेब्रुवारी हा मांजरांचा दिवस; तिथल्या भाषेत दोन या आकड्याचा उच्चार मांजराच्या आवाजाशी जुळतो, म्हणून ही तिथी. बेल्जियममधील ईप्र गावात दर तीन वर्षांनी मे महिन्यात मांजरांची मिरवणूक निघते आणि शेवटी घंटाघराच्या मनोऱ्यावरून कापडी मांजरे खाली टाकली जातात. याच मनोऱ्यावरून १८१७ पर्यंत जिवंत मांजरे फेकली जात. कालचे क्रौर्य आजचा उत्सव झाले, ते माणसाचे प्राण्याशी असलेले नाते बदलल्यामुळे.

पुण्यासारख्या शहरांतही हे नाते झपाट्याने बदलले. घरोघरी मांजरे आली आणि त्यांच्या नावाने दिवस साजरे होऊ लागले. यात हसण्यासारखे काही नाही. मात्र शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरील शिरूर आणि दौंड तालुक्यांत याच मार्जारकुळातील थोरल्या भावंडाचा वेगळा हंगाम असतो. तो दिनदर्शिकेवर छापलेला नसतो. उसाच्या फडावर लिहिलेला असतो.

हे दोन्ही तालुके मुळात अवर्षणप्रवण, माळरानांचे. घोड आणि कुकडीचे पाणी, चासकमानचे आणि खडकवासल्याचे कालवे आले, तसे माळ हिरवे झाले. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे साखर कारखाने याच पाण्यावर उभे राहिले. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून निर्धोक जागा जंगलातही सापडणार नाही. आडोसा आणि पाणी दोन्ही तिथेच मिळते. उरला प्रश्न भक्ष्याचा, आणि त्याचे उत्तर मांजरप्रेमी वाचकांना अस्वस्थ करील.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात सुमारे ८७ टक्के भक्ष्य पाळीव वा गावातले प्राणी निघाले. पहिला क्रमांक कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, त्याखालोखाल मांजरे. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता. म्हणजे बिबट्याला गावाकडे ओढणारे मुख्य कारण गोठा नसून उकिरडा आहे. गावच्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री-मांजरे हेच त्याचे अन्नछत्र.

उसाचा फड तुटू लागला की हा लपलेला संसार उघडा पडतो. तोडणी करताना सरीत डोळेही न उघडलेली पिल्ले सापडतात. कधी ती मांजराची समजून उचलली जातात आणि चवताळलेली आई रात्री परिसर पिंजून काढते. वनकर्मचारी आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राची पथके अशी पिल्ले त्याच जागी ठेवून आईशी त्यांची भेट घडवतात. पण या कामाला यश येण्यासाठी पहिल्या तासात पिल्लांना हात न लावण्याचे भान गावाला असावे लागते.

हे भान नसल्याची किंवा ते पुरेसे नसल्याची किंमत किती जबर असते, हे २०२५ च्या दिवाळीत दिसले. शिरूरच्या बेट भागात, पिंपरखेड आणि जांबूत परिसरात, १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. त्यांत दोन मुले होती आणि एक वृद्धा. संतप्त गावकऱ्यांनी रस्ते रोखले. अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. या काळातच, १७ ऑक्टोबरला, वसुबारस होती. १ नोव्हेंबरला राज्यातील गाळप हंगाम सुरू झाला होता.

वसुबारस हा गाय-वासराचा सण म्हणून आपण ओळखतो. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात मात्र हाच दिवस वाघबारस म्हणून पाळला जातो. महादेव कोळी, ठाकर, वारली समाजांत वाघोबाची पूजा होते, नैवेद्य दाखवला जातो, आमच्या गुरांना आणि लेकरांना सांभाळ असे साकडे घातले जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातील दीडशे वाघोबा-स्थानांची नोंद आहे. इथे ‘वाघ’ या शब्दात बिबट्याही येतो. वर्षातून एकदा सारे गाव त्या शेजाऱ्याची आठवण काढते, त्याचा धाक मान्य करते आणि आपापली मर्यादा ठरवून घेते. मांजरप्रेमाचा म्हणावा असा मराठी सण शोधायचा झाला, तर तो हाच. त्यात लाड नाहीत, आदर आहे. आणि आदराच्या मुळाशी भीती आहे.

शिरूर-दौंडच्या बागायती गावांना ही परंपरा जशीच्या तशी उचलून देता येणार नाही. तिथे बिबट्या पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी नसून कालव्यामागून आलेला पाहुणा आहे. शिवाय सर्वांत उघड्यावर असलेला माणूस गावचा नसतोच. बीड, अहिल्यानगरकडून आलेले ऊसतोड मजूर फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. आईबाप पहाटे तोडणीला गेले की लहानगी कोपीत असतात. स्थानिक शेतकऱ्याला रात्रीच्या वीजपाळीमुळे अंधारात पाणी द्यायला जावे लागते. यांना पूजेने नव्हे, बंदोबस्ताने वाचवावे लागेल.

आजवरचे उपाय बहुधा प्रसंगानंतरचे आहेत. पिंजरे लावणे, बिबट्या उचलून अन्यत्र सोडणे, हे २००१ नंतर जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्याच काळात माणसांवरील हल्ले वाढले, असा अनुभव अभ्यासकांनी नोंदवला आहे. एक बिबट्या हलवला की रिकामी जागा दुसरा घेतो. मादी बिबट्यांच्या गर्भनिरोधनाच्या प्रयोगाला केंद्राने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतील. त्यातच शिरूर जुन्नर वनविभागात आणि दौंड पुणे वनविभागात. मधून भीमा वाहते. बिबट्याला ही हद्द ठाऊक नाही.

म्हणून गरज आहे ती हंगामाआधीच्या तयारीची. वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबर या काळात येतो, म्हणजे गाळपापूर्वी तीन-चार आठवडे. तो शहरातल्या चित्रस्पर्धांत संपवण्याऐवजी या दोन तालुक्यांत कामाचा सप्ताह का होऊ नये? उकिरडे हटवणे, कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण, वस्तीलगतचा ऊस आधी तोडण्याचे नियोजन, कोप्यांभोवती कुंपण आणि दिवे, मुलांसाठी पाळणाघर, शेतीपंपांना दिवसा वीज, अशी कामांची यादी फार मोठी नाही. तोडणीचा कार्यक्रम कारखाने ठरवतात. त्यामुळे मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही त्यांना झटकता येणार नाही. दोन्ही वनविभागांचे एकच पथक भीमेच्या दोन्ही काठांवर फिरले पाहिजे.

शहरी मांजरप्रेमाचाही यात वाटा आहे. बिबट्याला मारू नका, असे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे. त्याला जगू देण्याचा भार मात्र पिंपरखेडच्या आईने उचलायचा, हे न्यायाचे नाही. ८ ऑगस्टला जो खर्च कौतुकावर होतो, त्यातला थोडा कोपीच्या कुंपणावर आणि गावच्या मांजरांच्या निर्बीजीकरणावर झाला, तर त्या दिवसाला वाघबारशीचे मोल येईल.