श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका

मा. संपादक,


'ओमोइदे पोरो पोरो' या जपानी चित्रपटाबद्दल वाचकांची मतं गेल्या अंकात वाचली. इंग्रजीत 'ओन्ली यस्टरडे' म्हणून ओळखला जाणारा हा १९९१ चा अॅनिमेशनपट आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलाय. त्यावर पानभर मतं छापून आली याचा आनंद झाला, पण ती वाचताना वाईट वाटलं. एकाने लिहिलंय, तास उलटला तरी काहीच घडत नाही. दुसऱ्याला नायिकेच्या गालांवरच्या रेषा खटकल्या. शेवटाबद्दल तर दोन मतं शेजारीशेजारी छापली आहेत. एक म्हणतं, नायिका टोकियोला परत जाते आणि गोष्ट अर्धवट राहते. दुसरं म्हणतं, शिकलेली, कमावती मुलगी अखेर शेतकऱ्याच्या घरी जाते, हे मागासलेपण झालं.

एकाच चित्रपटाचे दोन शेवट कसे? उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. माझ्या भाचीने हा चित्रपट मोबाईलवर पाहिला आणि मला म्हणाली, "मावशी, ती गेली की परत टोकियोला." पडद्यावर नावं येऊ लागली आणि त्या अॅपने चित्र कोपऱ्यात ढकलून दुसऱ्या चित्रपटाची जाहिरात समोर आणली. तिने मोबाईल बंद केला. पण या चित्रपटाचा खरा शेवट नावांबरोबरच सुरू होतो! गाडी सुटते, गाणं लागतं, आणि डब्यात नायिका तायेकोच्या भोवती तिच्याच पाचवीच्या वर्गातली मुलं उभी राहतात. ती उठते, पुढच्या स्टेशनवर उतरते, उलट दिशेची गाडी पकडते. संवाद एकही ऐकू येत नाही. जे घडतं ते सगळं नावांच्या मागे घडतं. त्यामुळे 'अर्धवट' म्हणणाऱ्या वाचकांना माझं इतकंच सांगणं आहे की तुम्ही चित्रपट संपण्याआधी उठलात.

'काहीच घडत नाही' या मताचा मात्र मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही. गोष्ट १९८२ ची. टोकियोत नोकरी करणारी २७ वर्षांची तायेको रजा काढून बहिणीच्या सासरच्या माणसांकडे, यामागाताच्या खेड्यात जाते आणि वाटेत तिला १९६६ सालची, पाचवीतली स्वतः आठवत राहते. पोरो पोरो म्हणजे आसवं टपटप गळावीत तसं. आठवणीही तशाच, एकेक थेंब पडतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्या आठवणींतला अपूर्णांकांचा प्रसंग मी चार वेळा पाहिला, आणि दर वेळी अस्वस्थ झाले.

दोन तृतीयांशाला एक चतुर्थांशाने भागायचं आहे. थोरली बहीण सांगते, दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण. तायेको सफरचंदाचं चित्र काढते. दोन तृतीयांश सफरचंद चौघांत वाटलं तर प्रत्येकाला एक षष्ठांश, बरोबर ना? मग भागून उत्तर मोठं कसं येतं? बहिणीजवळ उत्तर नाही. ती चिडून म्हणते, उलटा कर म्हटलं ना! आणि आई, पोरीला ऐकू जाईल अशा बेताने, ती चारचौघींसारखी नाही असं बोलून जाते. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर 'उलटा करून गुणा' एवढंच लिहिलं. तायेको चौघांत वाटतेय, म्हणजे चाराने भागतेय. विचारलंय ते पाव भागाने भागायला, म्हणजे त्यात पाव किती वेळा मावतो ते. एवढं कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर ती पोर स्वतःला मठ्ठ समजली नसती. मोठेपणी ती म्हणते, ज्यांना अपूर्णांकांचा भागाकार सहज जमला त्यांचं पुढचं आयुष्यही सुरळीत गेलं. एका मुलीच्या मनात आपण कमी आहोत ही गाठ बसताना आपण पाहतो. याहून जास्त काय घडायला हवं?

गालांच्या रेषांबद्दल थोडक्यात. जपानमध्ये साधारणपणे आधी चित्रं काढतात आणि मग आवाज भरतात. इथे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी मोठ्या तायेकोच्या भागासाठी आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि हसता-बोलताना चेहऱ्याचे स्नायू जसे हलतात तशी चित्रं त्यावर काढून घेतली. आठवणींची चित्रं फिकट, कडांशी पांढरी विरलेली, तर आजचा चेहरा भरीव, गालांना घड्या पडणारा. हसताना घडी पडणारा बाईचा चेहरा अॅनिमेशनमध्ये क्वचित दिसतो. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' काढणाऱ्या दिग्दर्शकाचं हे काम आहे, आणि त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट हाच होता. रेषा तिथल्या प्रेक्षकांच्या आड आल्या नाहीत.

आता मागासलेपणाचा आरोप. हा आरोप करणाऱ्या वाचक भगिनीचं म्हणणं मी मनावर घेते, कारण शेतकऱ्याच्या घरातली सून पहाटेपासून काय करते हे मला कुणी सांगायला नको. चित्रपटातल्या घरच्या बाया जरा जास्तच हसतमुख आहेत, हे मलाही जाणवलं. पण तायेको तिथे कोणत्या कामाला जाते ते पाहा. ती बेनीबाना खुडायला जाते. बेनीबाना म्हणजे आपली करडई! माझे वडील रब्बीच्या ज्वारीला कडेने करडईच्या ओळी पेरायचे, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही म्हणून. काढणीला हाताला फडकी गुंडाळावी लागत, तरी बोटं सोलून निघत. आपण बी घेतो तेलासाठी, कोवळ्या पाल्याची भाजी करतो. यामागातात पाकळ्या घेतात. दवाने काटे मऊ असतात म्हणून पहाटेच खुडतात, धुऊन पिवळा रंग काढून टाकतात, मग ओलसर ठेवून आंबवतात, कुटतात आणि चपट्या वड्या वाळवतात. त्यातून निघणारा थोडासा लाल रंग म्हणजे बेनी, बायकांच्या ओठांची लाली. आपल्याकडे लुगड्याच्या रंगाला कुसुंबी म्हणतात तो शब्दही याच झाडाचा, करडईला संस्कृतात कुसुंभ म्हणतात. आणि चित्रपटात स्वतः तायेकोच सांगते की पूर्वी उघड्या हातांनी ही फुलं खुडणाऱ्या मुलींची बोटं रक्ताळत, पण ती लाली त्यांच्या ओठांना कधी लागत नसे. खेड्याचं नुसतं गोड चित्र काढणाऱ्याला हे सांगायचं कारण नव्हतं.

शिवाय त्या घरची आजी जेव्हा नात्यातल्या तरुण शेतकऱ्याबद्दल सरळ विचारते, आमच्या तोशिओशी लग्न करशील का, तेव्हा तायेको पावसात घराबाहेर पळते. तिला स्वतःची लाज वाटते. दहा दिवस पाहुणी म्हणून येऊन 'खेडं किती छान' म्हणणं वेगळं, हे तिला त्या क्षणी उमगतं. तेव्हाच तिला आबे आठवतो, शेजारच्या बाकावर बसणारा गरीब, मळका मुलगा. बाकीची पोरं त्याला उघड नाकं मुरडायची. ही काही बोलायची नाही, पण मनातून सगळ्यांत जास्त किळस हिलाच. शाळा सोडताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, हिच्याशी नाही. आपण वरवरच्या चांगल्या आहोत हे कबूल करूनच ती टोकियोची गाडी पकडते, आणि मग उतरते. लहानपणी नाटकात काम करायला बोलावणं आलं होतं, वडिलांनी एका शब्दात नाही म्हटलं. त्या स्टेशनवर तिला हो किंवा नाही म्हणणारं कुणी नसतं. लग्न चित्रपटात कुठेही दाखवलेलं नाही. परतलेल्या तायेकोला घेऊन तोशिओची मोटार निघून जाते तेव्हा मागे उरलेल्या लहान तायेकोच्या चेहऱ्यावर निखळ आनंदही नाही. दिग्दर्शकाने शंकेला जागा ठेवली आहे, आणि ती पाहायला शेवटचं नाव सरकेपर्यंत थांबावं लागतं. नावांबरोबर वाजणाऱ्या त्या गाण्याचे जपानी शब्दही ताकाहाता यांनी स्वतः केले आहेत.

गेल्या रविवारी भाचीला मी शेवट पुन्हा दाखवला. तिचं मत अजून माझ्यासारखं नाही. ती म्हणते, तायेकोने घाई केली. ते मला मान्य नाही, पण आता ती पूर्ण चित्रपट पाहून बोलतेय. ज्यांची मतं आपण छापलीत त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे, नावं येऊ लागली की पाच मिनिटं बसून राहा आणि मग पुन्हा लिहा. संपादक महोदय, ती पत्रंही कृपया छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी