हिस्टोन आणि आपले प्रिस्क्रिप्शन

सुरतेत आयुष्य घालविलेल्या माणसाला धागा गुंडाळण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. बॉबिनवर धागा नको तिथे सैल वा घट्ट झाला, की मागावरचे कापड बिघडते. आपल्या पेशींचेही तसेच आहे. एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. तरीही तो डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीकेंद्रात सामावतो, कारण हिस्टोन नामक प्रथिनांच्या असंख्य बॉबिनींवर तो गुंडाळलेला असतो.

अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये हिस्टोनचा शोध लावला. पुढे कित्येक दशके ही प्रथिने म्हणजे केवळ गुंडाळण्याचे साधन, अशीच समजूत होती. आज आपण जाणतो की हिस्टोनला ॲसिटिल गट चिकटला की वेढे सैल होतात आणि तेथील जनुक वाचले जाते. डीॲसिटिलेज हे विकर तो गट काढून टाकते आणि वेढे पुन्हा आवळतात. मिथिल गटांच्या खुणाही अशाच, काही जनुके उघडणाऱ्या व काही मिटविणाऱ्या. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांचा धागा एकच. भेद पडतो तो या खुणांमुळे. खूण चुकली तर व्याधी उद्भवते. मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील घातक अर्बुदांत हिस्टोनमधील एकच अमिनो आम्ल बदललेले असते, हे २०१२ मध्ये उघड झाले.

हा विषय प्रयोगशाळेपुरता आहे, असे मलाही वाटत असे. तो माझ्या टेबलावर आला, त्याची हकिगत सांगतो.

२००४ च्या सुमारास चौदा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. सकाळी उठल्यावर हातांना झटके येत आणि एकदा मोठी फिटही आली होती. मी सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केले. फिट्स पूर्ण थांबल्या. आईवडील पेढे घेऊन आले. पुढे वय वाढल्याने ती माझ्याकडे येईनाशी झाली, औषध मात्र त्याच चिठ्ठीवर चालू राहिले. नऊ वर्षांनी ती आपले पहिले बाळ घेऊन आली. बाळाच्या पाठीवर मज्जारज्जूची उघडी गाठ होती. तिने जुनी फाइल पुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, औषध एक दिवसही चुकवलं नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, अभिमान होता.

त्या फाइलमध्ये वजन होते, मात्रा होती, यकृताच्या तपासण्या होत्या. भावी गर्भधारणेविषयी एक ओळही नव्हती. अक्षर माझे होते. त्या बाळाचे व्यंग औषधानेच झाले, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण धोका मला ठाऊक होता आणि मी तो सांगितला नव्हता.

व्हॅल्प्रोएट आणि असे व्यंग यांचा संबंध फ्रान्समधील लिओं येथून १९८२ मध्येच नोंदविला गेला होता. हे औषध हिस्टोन डीॲसिटिलेजला रोखते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे गर्भात ज्या घटकेला काही जनुके मिटायला हवीत, त्या घटकेला ती उघडी राहू शकतात. व्यंगाचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. गर्भावस्थेत हे औषध घेतलेल्या दर दहा मातांपैकी सुमारे एकीच्या बाळात मोठे व्यंग आढळते, आणि तीन-चार जणींच्या मुलांत बौद्धिक विकासाच्या अडचणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुली व प्रजननक्षम वयातील स्त्रियांना हे औषध सुरू करू नये, असे स्पष्ट सांगितले.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील, औषध गुणकारी आहे, स्वस्त आहे. आणि चौदा वर्षांच्या मुलीसमोर गर्भधारणेचा विषय कसा काढावा? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. काही मुलींना याच औषधाने गुण येतो, हेही खरे. पण मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून चौथ्या आठवड्यात मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नाव नोंदवेपर्यंत वेळ टळलेली असते. म्हणून हे सांगण्याची जबाबदारी औषध सुरू करणाऱ्याची, म्हणजे पुष्कळदा आपली बालरोगतज्ज्ञांचीच आहे.

औषधाप्रमाणेच आहाराचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला प्रतिरोध दिसला. त्या अभ्यासाचा विषय हिस्टोन नव्हता. परंतु डीएनए आणि हिस्टोन या दोहोंवरील मिथिल खुणांसाठी बी-१२ लागते. शाकाहारी घरे बहुसंख्य असलेल्या आपल्या शहरात याकडे डोळेझाक परवडणारी नाही.

माझे मत थोडक्यात असे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या प्रत्येक मुलीच्या उपचाराचा दहाव्या वर्षी फेरविचार व्हावा. शक्य तेथे लेव्हेटिरासिटाम वा लॅमोट्रिजिन द्यावे. पर्याय नसेल तर मात्रा किमान ठेवावी, गर्भधारणा टाळण्याविषयी व फॉलिक ॲसिडविषयी मुलीला आणि तिच्या आईला समजावून सांगावे, आणि ते फाइलवर लिहावे. किशोरींची बी-१२ पातळीही पाहावी. पालकांना एकच विनंती: हे वाचून औषध परस्पर बंद करू नका. अचानक थांबविल्याने येणारी फिट जिवावर बेतू शकते.

आपल्या मंडळातील बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसले तर अशा मुलींसाठी मराठी व गुजरातीत एक साधे कार्ड एका संध्याकाळी तयार होईल. मसुदा करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतो.