रद्दीत जाण्याआधी

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यांवरचे कागद खाली येतात. मुंबईतल्या आमच्या खारदांड्यातही रद्दीवाल्याच्या तराजूत आधी पडतात ते प्रदर्शनांचे कॅटलॉग, आमंत्रणपत्रिका आणि अनियतकालिकांचे पातळ अंक. यंदाचा अंक त्यांच्यासाठी आहे.

चित्र जपले जाते, कारण त्याला मोल आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात चित्रकार गायतोंडे यांचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. कॅटलॉगचे तसे नाही. जुलै १९४९ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलावंतांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचे प्रदर्शन मुंबईत रॅम्पार्ट रोवर भरले. गटाची भूमिका सूझांनी कॅटलॉगातच मांडली. त्याच वर्षी ते लंडनला गेले, पुढे गटही पांगला. चित्रे आज देशोदेशी आहेत. तेव्हा त्या भिंतींवर कशाशेजारी काय होते, हे सांगायला तो कागदच हवा.

कवितेचेही तसेच. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढले. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचे, शाई देऊन पान पान काढायचे. प्रती निघणार त्या किती! पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’ आणि चंद्रकांत खोतांचा दिवाळी अंक ‘अबकडइ’. संग्रहात कविता मिळते. पण समोरच्या पानावर कोण होते, मुखपृष्ठ कोणी केले, वर्गणी कुठल्या खोलीच्या पत्त्यावर पाठवायची होती, हे मूळ अंकातच सापडते. आम्हाला ते कवितेइतकेच महत्त्वाचे वाटते.

असे कागद किती दूर जातात पाहा. जपानमधल्या गुताई गटाने १९५५ मध्ये स्वतःचे नियतकालिक सुरू केले. पुढच्याच वर्षी अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक वारले, तेव्हा गुताईचे अंक त्यांच्या संग्रहात निघाले. त्या दोन देशांतल्या चित्रकारांची ओळख त्या पानांनी करून दिली.

पण कागद आधी टिकायला हवेत, आणि आमच्याकडे समुद्र दारात. बोंबील वाळवणारा हाच खारा वारा अंकांच्या पिना गंजवतो आणि गंज पानात उतरतो. म्हणून पिना हलक्या हाताने काढा, सुती दोऱ्याने शिवा. फाटले तर सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते नंतर काढता येत नाही. आम्लविरहित कागदात गुंडाळून, जमिनीपासून वर, कोरड्या कपाटात आडवे ठेवा. उन्हात वाळवायचा मोह आवरा.

आणि माळ्यावर असे काही निघाले तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही घरी येऊन पानोपान छायाचित्रे घेऊ. मूळ अंक तुमच्याकडेच राहील.