मेन स्विच



इंदूरला राजवाड्याजवळ माझ्या मामांचं बॅनर-स्टिकर छापायचं दुकान आहे. इको-सॉल्व्हंट शाईचं मोठं मशीन त्यांनी कर्जावर घेतलंय. गेल्या दिवाळीत पाच दिवस दुकान बंद राहणार होतं, म्हणून मामांनी वीज वाचवायला भिंतीवरचा मेन स्विचच बंद केला.

भाऊबीजेनंतर मशीन सुरू केलं, नोझल चेक काढला, तर काळ्या रंगाच्या निम्म्या रेघा गायब! लग्नाच्या दोन ऑर्डरी अडकल्या. मामांनी लागोपाठ तीन वेळा क्लीनिंग मारलं. शाई वेस्ट बाटलीत गेली, रेघा काही आल्या नाहीत. "अरे, तू इंजिनीअर ना? बघ जरा." मी कोड लिहिणारा! पण मॅन्युअल वाचता येतं.

"मामा, आता क्लीनिंग थांबवा," म्हटलं आणि वाचायला बसलो. हेडची छिद्रं केसाहून बारीक. काम नसताना हेड रबरी कडा असलेल्या कॅपवर बसतं, म्हणजे शाई वाळत नाही. कडेवर जुनी शाई साचली की फटीतून हवा शिरते. शिवाय असली बरीच मशीनं मेन स्विच चालू असेल, तर ठरावीक वेळाने स्वतःच थोडी सफाई करून घेतात. आमच्या ऑफिसात रात्री आपोआप चालणारी कामं असतात, तसंच. मामांनी नेमकं तेच बंद केलं होतं.

कंपनीने सांगितलेलं क्लीनिंग लिक्विड आणि धागे न सुटणारा स्वॅब घेऊन कॅपची कड आणि वायपर पुसला. कॅपमध्ये लिक्विड भरून हेड रात्रभर त्यावर ठेवलं. सकाळी दोन सोडून सगळ्या रेघा परतल्या. त्या दोन दुपारच्या क्लीनिंगनंतर आल्या. हेड बदलावं लागलं असतं, तर दिवाळीची सगळी कमाई त्यातच गेली असती.

आता मामांचा नेम ठरलाय. सकाळी नोझल चेक. संध्याकाळी हातमोजे घालून कॅप आणि वायपर पुसायचा, हेडच्या छिद्रांना मात्र हात लावायचा नाही. वेस्ट बाटली भरायच्या आत बदलायची आणि ती शाई गटारात ओतायची नाही. दोनदा क्लीनिंग करूनही रेघ आली नाही, तर तिसऱ्यांदा बटण न दाबता कॅप, डँपर, शाई तपासायची.

तुमच्या घरी इंकजेट असेल, तर आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. आणि तो प्रिंटरच्याच बटणाने बंद करा, थेट बोर्डावरून नको. नाहीतर हेड कॅपवर न बसताच राहू शकतं.

मामांनी स्विचवर चिठ्ठी लावलीय: "हा बंद करू नये." मामी म्हणाल्या, "शिलाई मशीनला तेल घाला म्हणून मी तीस वर्षं सांगतेय, तेव्हा कुणी चिठ्ठी लावली नाही!"