विश्लेषण : एवढा पाऊस पडूनही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील विहिरी मचूळ का होतात?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यालगतच्या गावांत याच दिवसांत आणखी एक तक्रार ऐकू येते. विहिरीत पाणी आहे, पण ते मचूळ लागते, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. मग घराघरांत बोअर मारण्याची किंवा असलेली बोअर आणखी खोल करण्याची चर्चा सुरू होते. किनाऱ्यावर हा उपाय उलटा पडू शकतो. का, ते समजून घेऊ.

गोड्या आणि खाऱ्या पाण्यात फरक काय?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात मोठा वाटा आपल्या रोजच्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. या क्षारांमुळे समुद्राचे पाणी जड होते. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १००० किलो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ किलो भरते.

फरक अवघा अडीच टक्क्यांचा. पण त्यामुळेच गोडे पाणी वर तरंगते आणि खारे पाणी तळाशी राहते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला, की भरतीचे पाणी खाडीच्या तळाने आत सरकते. जमिनीखालीही हेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

किती खारे पाणी मिसळले की विहीर बिघडते?

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार एका लिटरमध्ये २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड योग्य मानले जाते. दुसरा स्रोतच नसेल, तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण लिटरला सुमारे १९ हजार मिलिग्रॅम असते.

गणित सोपे आहे. शंभर लिटर गोड्या पाण्यात जेमतेम सव्वा लिटर समुद्राचे पाणी मिसळले, तरी पहिली मर्यादा जवळ येते. पाच लिटर मिसळले, तर दुसरीही. म्हणजे विहीर बिघडायला समुद्र आत घुसावा लागत नाही, थोडासा पाझर पुरतो.

समुद्र विहिरीपर्यंत पोहोचतो कसा?

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. दोन्हींच्या वजनातल्या फरकावरून एक नियम निघतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला.

याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. उपशामुळे पातळी एक मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खाऱ्या पाण्याची हद्द ४० मीटरपर्यंत वर चढू शकते. पुळणीतल्या वाळूत हा नियम बराचसा लागू पडतो. कातळात पाणी भेगांमधून वाहते, त्यामुळे तिथे अंदाज चुकतो आणि शेजारच्या दोन बोअरपैकी एक गोडी, एक खारी निघू शकते.

थोडक्यात, समुद्राला थोपवून धरणारी भिंत गोड्या पाण्याचीच असते.

रत्नागिरीत ही भिंत लवकर का खचते?

पहिले कारण जांभा. हा दगड सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी तो पटकन शोषतो आणि उतारावरून झऱ्यांवाटे तितक्याच पटकन सोडून देतो. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर शिमग्यापर्यंत तळ गाठू लागते.

दुसरे कारण भूगोल. सह्याद्री ते समुद्र हे अंतर थोडे आणि उतार तीव्र. काजळी, शास्त्री, मुचकुंदी या नद्यांचे बहुतेक पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळते.

तिसरे कारण आपण स्वतः. पूर्वी रहाटाने किंवा पोहऱ्याने पाणी काढले जाई, तेव्हा विहिरीला भरायला उसंत मिळे. आता पंपाचे बटण दाबले की टाकी भरते. पर्यटकांची गर्दी आणि बागांचे शिंपणे यांची गरजही नेमकी उन्हाळ्यातच वाढते.

मग खोल बोअर का नको?

कारण किनाऱ्यावर खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणे. पंप सुरू झाला की खालचे खारे पाणी सुळक्यासारखे वर ओढले जाते. एकदा थरात क्षार शिरले, की ते धुऊन निघायला अनेक पावसाळे लागू शकतात. शिवाय भूजलाला कुंपण नसते. एकाच्या बोअरची किंमत शेजाऱ्याच्या विहिरीला मोजावी लागते.

समुद्राचेच पाणी गोडे केले तर?

तंत्रज्ञान आहे. मुंबई महापालिकेने मनोरी येथे रोज २० कोटी लिटर पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला आहे. पण या पद्धतीत एक हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज लागते आणि अधिक खारट झालेले उरलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते. महानगराला ते परवडेल, पाचपन्नास घरांच्या वाडीला नाही.

करता येण्याजोगे काय?

पहिले काम वेळेवर बंधारे घालण्याचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा श्रमदानातून उभा राहतो. मात्र तो पाऊस ओसरताच, पऱ्याला वाहते पाणी असतानाच घालायला हवा. डिसेंबरात फोटोपुरता घातलेला बंधारा अडवणार काय?

दुसरे काम छपरावर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ३ हजार मिलिमीटर पावसात ३ लाख लिटर पाणी पडते. पाच जणांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी रोज ५० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी फक्त ६ हजार लिटर लागतात. उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडले, तर तीच भिंत उंच होते.

तिसरे, खारभूमीचे बंधारे आणि त्यांच्या उघाड्या सांभाळणे. ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही, ही कोकणची जुनी युक्ती आहे. राज्यात १९७९ पासून खारभूमी विकासाचा कायदाही आहे. बंधाऱ्याला खांड पडली, की शेत खारावते आणि लगतच्या विहिरींनाही धोका पोहोचतो.

चौथे काम मोजण्याचे. विहिरीत पाणी किती आहे हे आपण पाहतो, ते किती खारट झाले हे पाहत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ऑक्टोबर ते मे दर महिन्याला सार्वजनिक विहिरींची पातळी आणि क्षार मोजून फलकावर लिहावेत. क्षार दाखवणारे छोटे मीटर काही शे रुपयांत मिळते. आकडा चढू लागला की उपसा कमी करायचा, एवढा नियम ग्रामसभेने ठरवला तरी पुष्कळ आहे.

टंचाई आराखडे उन्हाळ्याच्या तोंडावर चर्चेत येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र मे महिन्यातले पाणी ऑक्टोबरातच ठरते. तेव्हा अडवलेला प्रत्येक लिटर तहान तर भागवतोच, शिवाय समुद्रालाही आपल्या विहिरीपासून लांब ठेवतो.