पोट भरते, ताट अपुरे

धानाची रोवणी सुरू झाली की झाडीपट्टीतल्या बाईला वर्षातले सर्वांत जड काम लागते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवायचे आणि घरी येऊन पुन्हा चूल पेटवायची. नेमक्या याच दिवसांत घरातली कोठी तळाला गेलेली असते. गेल्या दिवाळीचे धान संपत आलेले, मोहफुले एप्रिलमध्येच व्यापाऱ्याला विकलेली, तेंदूपानांची मजुरी बियाणे आणि खतात गेलेली. नवे धान हाती यायला अजून तीन-चार महिने असतात. त्यातच पर्लकोटेला पूर आला की भामरागड परिसरातली गावे बाहेरच्या जगापासून तुटतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत टंचाईचे महिने कोणते हे शोधायला सर्वेक्षण लागत नाही. आषाढ ते भाद्रपद, हे उत्तर गावातले कोणीही देईल.

सरकारलाही हे दिनमान जुनेच ठाऊक आहे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात उधार-उसनवार करावी लागू नये म्हणून राज्याने १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू केली. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली आणि दुर्गम गावांत पावसाळ्याआधीच धान्य पोहोचवण्याची पद्धत बसली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्याचा हक्क दिला. करोनाकाळात खावटीचे अनुदान झाले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. या सगळ्याचा उपयोग झाला. आज बहुतेक चुलींवर निदान भात शिजतो.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण देशात १९.३ टक्के होते, तर महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्यात २५.६ टक्के. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. याचा अर्थ असा की पोट भरण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, पण पोषणाचा तसाच राहिला. दोन्ही प्रश्न एकच मानून चालण्याची चूक सरकारी योजनांत होते आणि कंपन्यांच्या मदतीतही होते.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने स्पष्ट केला आहे. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील सुमारे ८०० गर्भवतींचा आहार डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने नोंदवला. त्यांना आढळले की आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली याच्याशी बाळाच्या जन्मवेळच्या वजनाचा फारसा संबंध दिसत नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा आले याच्याशी. भात-भाकरीच्या ढिगापेक्षा ताटातल्या विविधतेला महत्त्व आहे, हे त्यातून पुढे आले.

वेळेचे महत्त्व दाखवणारा दुसरा अभ्यास आफ्रिकेतील गांबिया देशाचा आहे. तिथेही पावसाळा हा शेतीतल्या कष्टाचा आणि रिकाम्या कोठारांचा काळ. भाजलेले शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर आणि तेल यांची बिस्किटे तिथल्या गावांतच भाजून गर्भवतींना रोज दिली गेली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुगीच्या काळात जन्मलेल्या बाळांचे वजन त्यामुळे सरासरी ९४ ग्रॅमने वाढले, तर टंचाईच्या काळात जन्मलेल्यांचे २०१ ग्रॅमने. तोच खाऊ टंचाईच्या महिन्यांत दुपटीहून अधिक कामी आला. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात घरोघरी जन्मलेल्या बाळांची वजने केली, तेव्हा शंभरातील चाळीसहून अधिक बाळे अडीच किलोपेक्षा कमी भरली होती. अशा बाळांसाठी दोनशे ग्रॅम ही क्षुल्लक बाब नाही.

म्हणून तांदूळच अधिक गुणवान करण्याचा मार्गही अपुरा पडतो. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळण्याच्या प्रायोगिक योजनेसाठी महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हाच निवडला गेला होता. पण या भागातली रक्तक्षयाची कारणे एकट्या लोहापुरती नाहीत. सिकलसेल आहे, हिवताप आहे, पोटातले जंत आहेत आणि आहारात प्राणिज पदार्थांची कमतरता आहे. शिवाय तांदळात काहीही मिसळले तरी त्यातून डाळ, तेल, अंडे किंवा मासा ताटात येत नाही.

ताटात जे कमी पडते ते या जिल्ह्यांना परके नाही. पावसाच्या सुरुवातीला तरोटा आणि कुड्याची फुले, मग वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, पाठोपाठ सात्या. उन्हाळ्यात चार, टेंभरे आणि मोह, मोहाच्या टोळीचे तेल, परसातल्या कोंबड्या, बांधावरची लाखोळी आणि तूर. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांत मिळणारी बारकी मासळी काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. जंगल आणि तळे हे इथल्या माणसाचे दुसरे शेत होते.

ते शेत आता पूर्वीसारखे हाताशी उरलेले नाही. तलाव गाळाने भरले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचायला किंवा पाने तोडायला जाणे जिवावर बेतते; २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. जे जंगलातून घरी येते तेही घरात राहत नाही. साठवायला कोरडी जागा नसते आणि हातात रोख नसते, म्हणून मोह हंगामातच पडत्या भावाने विकला जातो आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने विकत घ्यावा लागतो. धानाचेही तसेच. घरच्या उखळातला तांदूळ थोडा कोंडा राखून असे. गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केलेल्या तांदळातून ब-१ जीवनसत्त्व, तेल आणि तंतू कोंड्याबरोबर निघून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन यांनी अशा तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या आणि तिथूनच जीवनसत्त्वांच्या शोधाला दिशा मिळाली. धानाच्या मुलखाने हा धडा विसरू नये.

उद्योगांनी आणि गावांनी नेमके काय करावे, हा प्रश्न इथे येतो. या दोन जिल्ह्यांत पैसा नाही असे कोणी म्हणू शकत नाही. चंद्रपुरात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरचा कागद कारखाना आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाने नवे उद्योग आणले आहेत. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत पहिल्याच ओळीत भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निर्मूलन आहे. २०१५ पासून खाणधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम भरावी लागते. जुन्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के, तर लिलावातल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. पाणी, आरोग्य आणि महिला-बालकल्याण ही या निधीची उच्च प्राधान्याची कामे आहेत.

पण बहुतेक वेळा दिसतो तो धान्याच्या किटचा कार्यक्रम. मंडप, फलक, छायाचित्र, आणि पिशवीत पुन्हा तांदूळ, पीठ आणि बिस्किटे. महिनाभरात पिशवी संपते आणि बाहेरच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या मालाने गावातल्या कोणाच्याही हाताला काम मिळत नाही. हाच पैसा गावात वर्षभर खेळता ठेवायचा असेल तर त्याला एक जागा तयार आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. पुढे मुलांसाठी अंडी आणि केळीही त्यात आली. सामान खरेदीसाठी गावाचीच आहार समिती आहे. या समितीला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी जादा रक्कम देऊन एकच अट घालता येईल: अंडी, मासळी, डाळ, भाजी शक्यतो गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या बचत गटाकडून, ढिवर बांधवांच्या मत्स्य संस्थेकडून आणि शेतकऱ्याकडून घ्यायची. रस्ता बंद झाला तरी परसातल्या कोंबडीचे अंडे अंगणवाडीपर्यंत पोहोचते. रोवणीला गेलेली गर्भवती बाई दुपारी अंगणवाडीत येऊ शकत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. तिचा डबा बांधावर नेण्याची मजुरी हा कोणत्याही कंपनीसाठी किरकोळ खर्च आहे.

दुसरे काम साठवणीचे आणि वेळेवर पैसे देण्याचे. राज्याने २०२१ मध्ये मोहफुलांवरील निर्बंध सैल केले. आता ग्रामसभेला मोह, टोळी आणि डाळ ठेवायला कोरडे गोदाम हवे, म्हणजे एप्रिलचा माल श्रावणापर्यंत गावात राहील. मोह म्हणजे सर्व पोषण नव्हे. त्यातून मुख्यतः ऊर्जा मिळते, म्हणून तो डाळ-तेलाच्या जोडीलाच हवा. तेंदू आणि बांबूच्या व्यापाऱ्यांसाठी तर अन्नसुरक्षेचा अर्थ अगदी सोपा आहे. ग्रामसभेची ठरलेली रक्कम रोवणीच्या आत चुकती करणे. तिसरे काम गिरण्यांचे आणि तलावांचे. मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज पट्ट्यातल्या तांदूळ गिरण्यांनी कमी पॉलिशचा आणि उसना तांदूळ अंगणवाड्यांसाठी वेगळा काढावा; उसना करताना कोंड्यातली जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात उतरतात. खनिज निधीतून मामा तलावांचा गाळ काढला तर धानाला पाणी आणि ताटाला मासा, दोन्ही मिळतील.

हे गावांना जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाकडे पाहावे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आल्यावर या गावाने आपला बांबू आपणच विकला आणि हिशेब सर्वांसमोर मांडला. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा करून तेंदूपानांचे व्यवहार एकत्र हाताळले. ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि ३९ गावांतील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, डॉ. अभय व राणी बंग यांचा हा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. लाखोंचा हिशेब आणि तान्ह्या बाळाचा जीव सांभाळणाऱ्या गावाला आहार समितीची खरेदी अवघड नाही.

उद्योगांसाठी मात्र एक मर्यादा स्पष्ट असली पाहिजे. सुरजागडच्या खाणीला परिसरातील अनेक ग्रामसभांनी विरोध केला आहे. ज्या जंगलातून ताटात भाजी, फळ आणि तेल येते ते जंगल खाणीखाली गेले तर त्याची भरपाई किटने होत नाही, आणि जेवण हे संमतीची किंमत म्हणून तर कधीच देता कामा नये. मदतीचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, फलकावर कंपनीचे नाव असो वा नसो. सरकारनेही कंपन्यांच्या पैशाकडे बोट दाखवून स्वतःची तरतूद आखडती घेऊ नये. रेशन आणि अमृत आहार हे हक्क आहेत. उद्योगांचा पैसा त्यांच्यावरची भर आहे.

आणि मोजमाप व्हायला हवे. किती किट वाटल्या हा आकडा वार्षिक अहवालात शोभतो, पण त्यातून काही कळत नाही. दोन तालुके निवडावेत, एखादा खाणींजवळचा आणि एखादा पावसात तुटणारा. रोवणीपासून कापणीपर्यंत किती गर्भवतींच्या ताटात आठवड्यातून चार दिवस डाळ, पालेभाजी आणि अंडे किंवा मासा आला, आणि त्यांच्या बाळांची वजने किती भरली, एवढे दोन आकडे ग्रामसभेसमोर वाचून दाखवावेत. अंगणवाडीत वजनकाटा आहे आणि नोंदवहीही आहे. पुढच्या पावसाळ्याची तरतूद करायची तर ठराव उन्हाळ्यातल्या ग्रामसभेतच व्हायला हवा, कारण रोवणी सुरू झाल्यावर सभेला कोणाला वेळ नसतो.