गाडी कशी वाजायलीय?

दिवेलागणीला महामार्गालगतच्या चहाच्या टपरीपुढे कुणी गाडी लावून उतरला आणि त्याच्या कपाळावर आठी दिसली, की आमच्या बाकावरून "काय झालं?" असं कुणी विचारत नाही. "कशी वाजायलीय?" असं विचारतात. मग तो माणूस तोंडाने आवाज काढून दाखवतो. घरात चार शब्द न बोलणारे, मुलीच्या लग्नातही भाषण टाळणारे गृहस्थ इथे उभे राहून गाल फुगवतात, जीभ टाळूला लावतात आणि हुबेहूब आपल्या गाडीसारखे वाजतात. ऐकणारे डोळे मिटून ऐकतात.

मराठीत आवाजांना इतके शब्द का आहेत, हे मला या बाकावर कळलं. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आली तर स्टॅबिलायझरची लिंक नाहीतर लोअर आर्मचं बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकातून कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट; आधी त्याचा रबरी बूट फाटलाय का ते बघायचं, कारण बूट वेळेवर बदलला तर जॉइंट वाचतो. सकाळी चालू करताना किर्रर्र झालं तर बेल्ट ढिला. ब्रेक मारताना चर्रर्र झालं तर पॅड संपलेत, आज बदला. आणि वेगासोबत वाढत जाणारी घूंऽऽ असेल तर चाकाचं बेअरिंग. कुठल्या बाजूचं? चालत्या गाडीत हलकेच उजवीकडे वळून बघा. घूं वाढली तर डावं, कारण वळताना भार त्या बाजूला जातो. एवढं निदान एका कटिंग चहात होतं.

आमचं मानवत हे कापसाचं गाव आहे. बाजार समिती, जिनिंग, सरकी, रुईच्या गाठी यांवर इथला हिवाळा चालतो. कल्याण-निर्मल महामार्ग, आताचा ६१ क्रमांकाचा, पाथरीहून येऊन आमच्याजवळून परभणीकडे जातो, त्यामुळे गाड्यांची ये-जा रात्रंदिवस. रेल्वेचं स्टेशन मात्र गावात नाही. फलाटावर 'मानवत रोड' अशी पाटी आहे आणि तिथून गावात यायला वेगळं वाहन लागतं. माझ्या पिढीच्या आठवणीत ते वाहन म्हणजे काळी-पिवळी. महिंद्राची जीप, पुढे चार, मधे पाच, मागे जमतील तितके, आणि उरलेले पायरीवर. आमच्या बाकावरचे मामा त्या काळी-पिवळीचे जुने चालक. जीप विकून किती वर्षं झाली, तरी त्यांच्या बोलण्यात ती अजून चालूच असते. डिझेल संपून लाईनमध्ये हवा धरली तर काय करायचं, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. "घाई केली की बॅटरी गेली," एवढंच ते वर म्हणतात.

दुसरे म्हणजे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एक जण शाळेत मास्तर आहेत, त्यांची जुनी मारुती ८०० आहे आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. दोघे-तिघे शेतकरी. एक आयटीआय झालेला पोरगा. आणि मी. कुणाला कुणी जमवलेलं नाही.

बोलणं गाडीवरून सुरू होतं आणि कुठेही जातं. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट बसवायच्या होत्या, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्यांना. तेव्हा तारीख कुणाला मिळाली, कुणाला नाही, यावर आठवडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, ती बातमी इथेच मोठ्याने वाचली गेली, आणि त्या संध्याकाळी गाड्यांचा विषय निघालाच नाही. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८११० जाहीर झालेला होता. तो हातात पडेल का, याचीच चर्चा. कुणाच्या पोरीला नर्सिंगला नंबर लागला. कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मधेच काका विचारतात, "मास्तर, परवा ते टर्मिनल साफ केलं का?" मास्तरांच्या बॅटरीवर पांढरट-हिरवा थर आला होता. त्याला खायचा सोडा घातलेलं गरम पाणी, जुना दात घासायचा ब्रश, कोरडं पुसून वर व्हॅसलिनचा हात. आधी निगेटिव्हची वायर काढायची, लावताना ती शेवटी लावायची. मास्तर म्हणाले, केलं. काका उठून बोनेट उघडून बघून आले, तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

इथला सल्ला मला मोलाचा वाटतो तो याच एका गोष्टीमुळे. सल्ला देणारा उद्या संध्याकाळी याच बाकावर असणार आहे. त्याने चुकीचं सांगितलं तर त्याला तोंड दाखवायचं आहे. म्हणून तो जपून सांगतो, आणि सांगून मोकळा होत नाही.

माझाच अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी, एप्रिलात, आईला परभणीच्या दवाखान्यातून घेऊन येत होतो. परभणीचा उन्हाळा पंचेचाळिशीला जातो. रस्त्यात काटा वर चढला, बोनेटमधून वाफ. झाडाखाली गाडी लावली आणि मामांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "झाकणाला हात लावू नको." रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम अंगावर येतं. अर्धा तास थांबलो. मग रेडिएटरच्या नळ्यांमधून बारीक थेंब गळताना दिसला. जवळच्या वस्तीवरून पाणी मिळालं. मामांनी दुसरी गोष्ट सांगितली ती ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. मूठभर हळद मागून घे, पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओत. हळद बारीक छिद्रात जाऊन बसते. ज्या घरातून पाणी मिळालं त्याच बाईंनी डब्यातली हळद दिली, वर आईला ताक दिलं. थेंब थांबला. आम्ही हळूहळू घरी पोचलो.

पण हळद छिद्रात बसते तशी नळ्यांतही बसते. महिनाभरात गाडी पुन्हा तापू लागली. काकांना हा उपाय मुळात मान्य नव्हता आणि त्यांनी मामांना सर्वांसमोर सुनावलं. मामांनी एक शब्द उलट केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पाने घेऊन माझ्या दारात. रेडिएटर उतरवलं, उलट्या बाजूने पाणी सोडून पिवळं पाणी निवळेपर्यंत धुतलं, मग झाळकाम करणाऱ्याकडे स्वतः नेलं. दुपारी दोन वाजले. आईने जेवायला वाढलं तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गाडीत होता म्हणून हळद सांगितली. पोरगा एकटा असता तर टोचन करून आण म्हणलो असतो." उपाय गाडीसाठी नव्हताच, आईसाठी होता, हे मला त्या क्षणी समजलं. हळद चूक होती की बरोबर, यावर काका आणि मामा आजही एकमताचे नाहीत. मी दोघांच्याही बाजूने आहे.

गाडी सगळीकडे सारखीच असते असं कुणी म्हणालं तर मी त्याला आमच्याकडे पावसाळ्यात आणि कापसाच्या हंगामात यायला सांगेन. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते. मग सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगला पैसे घालतो. आधी चाकाच्या आतून हात फिरवा, खरवडा, धुवा. पुष्कळदा थरथर तिथेच संपते. आणि हिवाळ्यात रुई. जिनिंगच्या आसपास गाडी उभी राहिली, कापसाच्या ट्रॅक्टरमागून रोजचं जाणं असलं, की तंतू एसीच्या कंडेन्सरवर आणि मागच्या रेडिएटरवर गोधडीसारखे बसतात. एसी गार करत नाही, गाडी तापते, आणि गॅस भरायला लोक धावतात. गॅस पूर्ण असतो, वाराच आत येत नसतो. हे धुताना जोराच्या फवाऱ्याची बंदूक लावायची नाही, पातळ पत्रे वाकतात. साधा पाइप, मंद धार, शक्यतो आतून बाहेर. वाहनासोबतच्या पुस्तिकेत हे कुणी आमच्यासाठी लिहिलेलं नाही.

जुन्या गाड्यांविषयी मास्तर हळवे आहेत आणि मलाही ते कळतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, १९९४ ची सुमो, जिच्या नावात सुमंत मूळगावकरांच्या नावाची अक्षरं आहेत, नाशिकची बोलेरो. यांतल्या जुन्या इंजिनांना समजून घ्यायला दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर पुरत असे. आताच्या गाडीत बिघाड सांगायला पिवळा दिवा लागतो, आणि दिवा तोंडाने काढून दाखवता येत नाही.

तरी मला नव्याची भीती वाटत नाही, कारण आयटीआयच्या पोराने बाकाला नवा कान दिला आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो छोटा स्कॅनर लावतो आणि मोबाइलवर कोड वाचतो. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने डिझेलची नवी बीएस-६ गाडी घेतली. घर ते शेत, शेत ते मोंढा, एवढंच फिरणं. दोन महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे धूर गाळणाऱ्या जाळीचा, दिवा लागला. पोराने समजावून सांगितलं की, धुरातली काजळी त्या जाळीत साठते आणि ती जळायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही. "दाजी, परभणीला जाऊन या. मधे थांबू नका, एका लयीत चालवा." दाजींनी विचारलं, रिकामी गाडी न्यायची का? मग ज्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या आईला तपासणीला त्याच गाडीतून नेलं. जाळी साफ झाली, डोळाही तपासून झाला.

२०२५ च्या सप्टेंबरचा पाऊस मात्र वेगळा होता. मराठवाड्यात ज्याने तो पाहिला त्याला वर्णनाची गरज नाही. आमच्यातला एक जण आठवडाभर बाकावर आला नाही. त्याची जुनी ओम्नी शेतातल्या आखाड्यावर उभी होती आणि पाणी सीटपर्यंत चढून उतरलं होतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच. काकांनी फोनवर एकच बजावलं, "सेल्फ मारू नको. आम्ही येतो." सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आम्ही चौघे चिखलातून गेलो. बॅटरी सोडवली. ऑइलची पट्टी काढली तर चहासारखं दुधाळ. ऑइल सोडलं, फिल्टर बदलून नवं भरलं, प्लग काढले आणि मग बॅटरी जोडून सेल्फ फिरवला तेव्हा तिन्ही भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. प्लग वाळवून बसवले. एअर फिल्टरचा लगदा झाला होता. हे सगळं होईपर्यंत तो बाजूला उभा होता. समोर त्याचा कापूस होता, काळा पडलेला, बोंडं झाडावरच सडलेली. त्याविषयी आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. काय बोलणार होतो? काका फक्त मधूनमधून त्याला म्हणत होते, पाना दे, टॉर्च इकडे धर. त्याला हाताशी काम देत होते.

तिसऱ्या वेळी इंजिन चालू झालं. पांढरा धूर निघाला, मग विरळ झाला. परत आठ दिवसांनी ऑइल बदल, असं सांगून आम्ही निघालो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ओम्नी टपरीपुढे येऊन थांबली. तो उतरला. दाढी केलेली होती. मामांनी सरकून बाकावर जागा केली आणि विचारलं, "कशी वाजायलीय?"

"आता गप्प चालायलीय," तो म्हणाला. चहाचा ग्लास हातात घेतला, थोडा वेळ फुंकर घालत बसला, आणि मग मास्तरांकडे वळून त्याने विचारलं, यंदा हरभऱ्याचं बी कुठलं घ्यावं.